बोटाखालचा मुलूख

जयपूरच्या आमच्या घरात देवघरासमोरच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. ही जागा आईला कधीच पसंत नव्हती. पण बनी पार्कमधल्या त्या भाड्याच्या घरात तेवढी लांब दुसरी भिंत नव्हती, आणि नकाशा बाबांचा होता. त्यामुळे सकाळी पूजेला बसलेल्या आईची पाठ नेहमी प्रशांत महासागराकडे असे.

बाबा तारखात्यात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ते रंगूनच्या तारघरात तार ठोकायच्या किल्लीवर बसत. त्यांचे युद्ध बंदुकीचे नव्हते, कानांचे होते. दक्षिणेकडची एकेक स्टेशने उत्तर देईनाशी होत गेली, तसतसे शत्रू कुठवर आला हे त्यांना समजत गेले. पहिल्यांदा मोलमीन गप्प झाले, मग पेगू. पेगूला हाक मारत बसलेल्या त्या दुपारचे वर्णन ते अगदी कोरड्या आवाजात करीत. हाक द्यायची, थांबायचे, पुन्हा हाक द्यायची. तार शाबूत असते, वीज वाहत असते, फक्त पलीकडे माणूस नसतो. त्यानंतर ते रंगून सोडून निघाले आणि डोंगर, जंगल तुडवीत मणिपुरात पोचले. त्या चालण्याबद्दल मात्र ते फारसे बोलत नसत.

नकाशावर टाचण्या होत्या. शत्रूने घेतलेल्या गावांना काळ्या डोक्याची, परत मिळवलेल्यांना लाल. पांढऱ्या डोक्याची टाचणी एकच होती आणि ती बाबांची स्वतःची. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर चहा होईपर्यंत ते मला आणि माझ्याहून मोठ्या भावाला नकाशासमोर उभे करीत आणि युद्ध पुन्हा लढले जाई. सिंगापूर पडले, रंगून पडले, पांढरी टाचणी वर सरकली. मग आफ्रिकेच्या वाळूत आणि रशियाच्या बर्फात युद्धाने कूस बदलली, कोहिमाच्या डोंगरावर ते आपल्या दारातून परत फिरले, आणि शेवटी जपानवर दोन टाचण्या. त्या दोन टाचण्यांना कोणता रंग द्यायचा हे बाबांना कधीच ठरवता आले नाही. त्या बिनडोक्याच्या, साध्या होत्या.

मला गोष्टीपेक्षा तिच्यातला नियम हवा असे. शाळेच्या शेवटच्या वर्षी मी आलेखाच्या कागदावर महिन्यागणिक पुढे-मागे सरकणारी सीमा काढली आणि वक्ररेषा जिथे वळते तो बिंदू बाबांना दाखवला. युद्धाचा निकाल इथे लागला, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी कागद बराच वेळ निरखला. "चांगला आहे," म्हणाले. "पण मी चालत होतो तेव्हा कुठल्याच दिवसाला नाव नव्हते."

पुढे मी विद्यापीठात भौतिकशास्त्र घेतले, आणि भाऊ सैन्याच्या संदेश-विभागात गेला. बाबांची किल्ली त्याने घेतली आणि बिनडोक्याच्या टाचण्या माझ्या वाट्याला आल्या, अशी विभागणी तो थट्टेने सांगत असे. अणुगर्भावर संशोधन करायचे आणि त्यासाठी मुंबई गाठायची, हे मी मनाशी पक्के केले होते. आईने त्याला विरोध केला नाही. काळजी दोन मुलांपैकी एकाचीच करावी लागावी, एवढीच तिची अपेक्षा असावी.

बासष्टच्या उन्हाळ्यात भाऊ रजेवर आला. आपण कुठे असतो हे त्याला सांगता येत नव्हते. पत्त्यात नुसता सैनिकी टपालाचा आकडा होता. निघण्याच्या दिवशी सामान बांधून झाल्यावर बाबा त्याला काही न विचारता नकाशापाशी जाऊन उभे राहिले. भावाने हसून आसामच्या वरच्या तपकिरी पट्टीवर बोट ठेवले. त्या पट्टीत छापलेले एकही नाव नव्हते.

"इथे. मतलब, इथेच कुठेतरी."

बाबांनी खणातून आपली ती एकुलती पांढरी टाचणी काढली आणि त्याचे बोट जिथे टेकले होते त्याच्या मधोमध टोचली. आमच्या मराठीत जयपूरच्या गल्लीतले असे कितीतरी शब्द मिसळलेले असत आणि ते कुणाच्या कानांना लागत नसत. भाऊ 'मतलब' म्हणाला आणि 'इथे'चे 'इथेच कुठेतरी' झाले, याकडे त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही लक्ष दिले नाही.

ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर आली असताना, चीनचा हल्ला सुरू झाला.

त्या आठवड्याची भीती मला दोन दिशांनी आठवते. घरात रेडिओ उत्तरेची बातमी देत असे आणि विद्यापीठात सगळे क्यूबाबद्दल बोलत. अमेरिका आणि रशिया समोरासमोर उभे ठाकले होते, समुद्रात जहाजे अडवली जात होती. आमच्या प्राध्यापकांनी एका सकाळी विषय बाजूला ठेवला आणि फळ्यावर एकच संबंध लिहिला: स्फोटाची ऊर्जा हजारपट वाढली तर विध्वंसाची त्रिज्या दहापट वाढते. खडू ठेवला, हात झटकले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. वर्गात आम्ही दोनच मुली होतो. दुसरीने माझे मनगट धरले होते. मला तिचे धरवत नव्हते, कारण मी मनातल्या मनात जपानवरच्या बिनडोक्याच्या टाचणीभोवती वर्तुळ काढत होते आणि मग ते दहापट करत होते. सायकलवरून घरी येताना नाहरगडाच्या पायथ्याशी पसरलेले गुलाबी शहर मला आयुष्यात पहिल्यांदा मोजण्याजोगे वाटले. इथून तिथपर्यंत, एवढेच.

आईने विचारले, एवढी गप्प का? मी तिला शक्य तितक्या सोप्या शब्दांत समजावून सांगितले. विणता विणता ती सगळे ऐकत होती. शेजारपाजारच्या बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या आणि हिरवी लोकर बाजारात मिळेनाशी झाली होती. आईचा प्रत्येक स्वेटर एकाच मापाचा होत असे, रुंद खांद्यांचा आणि लांब हातांचा. लोकर गोळा करणाऱ्या बाईंनी तिला एकदा सुचवले, की जवान काही सगळे सारखे नसतात. आईने मान डोलावली आणि पुढचाही त्याच मापाचा विणला. माझे बोलणे संपल्यावर तिने विचारले, "हे सगळं त्याच्यापर्यंत पोचेल का?" पृथ्वीच्या कोणत्याही संकटाचे अंतर ती एकाच बिंदूपासून मोजत होती.

बाबांनी वर्तमानपत्रातले छोटे नकाशे पाहून तपकिरी पट्टीत पेन्सिलीने बारीक नावे लिहिली. तवांग पडल्याची बातमी आली तशी पहिली काळी टाचणी लागली. जगाच्या नकाशावर ती पांढरीच्या इतकी जवळ आली, की दोन्हींची डोकी एकमेकांना जवळजवळ टेकली.

मग एका संध्याकाळी रेडिओने सांगितले, की रशिया क्यूबातली क्षेपणास्त्रे परत नेणार आहे. जग वाचले होते. दिवाळीतच ही बातमी आली आणि आमच्या गल्लीत कुणीतरी जपून ठेवलेली फटाक्यांची एक माळ लावली. एरवी सगळी दिवाळी पणत्यांवरच भागवलेली होती. त्या आवाजाने आई दचकली आणि तिच्या हातातल्या सुईवरून टाके सुटले. मला सुटकेचा निःश्वास टाकता येईना. एका भयाचे उत्तर मिळाले होते. दुसऱ्याचे प्रश्नचिन्ह तसेच भिंतीवर होते.

भाऊबीज आली. भाऊ घरी नाही अशी ती पहिलीच. आईने सवयीने पाट मांडला, रांगोळी काढली, तबकात निरांजन, कुंकू, सुपारी, अंगठी, अक्षता ठेवल्या. सगळे झाल्यावर पाटाच्या रिकामेपणाकडे पाहत ती उभी राहिली. मी निरांजन लावले. का लावले, याचे कारण मला तेव्हाही देता आले नसते. हात आपला क्रम पुरा करतात.

तेवढ्यात शेजारच्या काकू फराळाचे ताट घेऊन आल्या. त्यांचे यजमान विमा कंपनीत अधिकारी होते आणि घर मूळचे नागपूरचे. बनी पार्कात मराठी बोलणारी आम्ही दोनच घरे. तबक हातात घेऊन उभी असलेली मी आणि रिकामा पाट पाहून त्यांचा चेहरा मायेने भरून आला.

"अगं, थांबलीस काय? गच्चीवर जा नि चंद्राला ओवाळ. आता मावळेल तो."

आईच्या हातातली रांगोळीची वाटी खाली पडली. आमच्या साताऱ्याकडे चंद्राला ओवाळते ती बहीण, जिला भाऊच नाही. काकूंच्या माहेरी भाऊ परगावी असला तरी चंद्राला ओवाळीत. त्यांना यात वावगे काही वाटण्याचे कारण नव्हते. चालीतला हा फरक एरवी दोघींनी चहाबरोबर चवीने चघळला असता. त्या दिवशी आई काकूंकडे अशी पाहत राहिली, जणू त्यांनी घरात येऊन एखादी बातमी दिली होती. काकूंना चूक उमगली तेव्हा त्या रडू लागल्या आणि आईलाच त्यांची समजूत घालावी लागली.

तबक माझ्याच हातात होते. लावलेले निरांजन विझवायचे नाही, हे दोन्ही माहेरांना मान्य होते. चंद्राकडे जायचे नव्हते. तूप संपेपर्यंत नुसते उभे राहणे मला अशक्य होते. मी वळले, खोली ओलांडली आणि नकाशातल्या पांढऱ्या टाचणीला ओवाळले. कुंकवाचे बोट लावले, ते थोडे आसामात उतरले. अक्षता टाकल्या, त्या हिंदी महासागरावरून घरंगळत जमिनीवर पडल्या.

काकू डोळे पुसत पाहत होत्या. बाबा दारात उभे होते. आई म्हणाली, "आता ती टाचणी हलवायची नाही."

नकाशावर जे खरे नाही ते ठेवायचे नाही, हा बाबांचा आजवरचा नियम होता. संध्याकाळच्या त्या कहाणीत रंगून पडले, की स्वतःची टाचणी ते स्वतःच्या हाताने उचलीत. तरी आईला त्यांनी होकार दिला.

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आघाडी शांत होती, आणि मग सगळे एकदम कोसळले. वालाँग गेले. से ला खिंड गेली. बोमदिला गेल्याचे रेडिओने सांगितले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती, आणि तिने आतून नाव पुन्हा विचारले. बाबा उठले, काळी टाचणी घेतली आणि नकाशासमोर थांबले. तपकिरी पट्टीत आता जागाच उरली नव्हती. काळी डोकी एकमेकांवर चढली होती. आमच्या जेवणाच्या जागेवरून पाहिले तर मधली पांढरी दिसतच नव्हती.

तारघरातले बाबांचे दिवस कसे जात होते ते मला पुढे कळले. शेखावाटीतल्या खेड्यांकडे जाणाऱ्या सैन्याच्या तारा त्यांच्याच कचेरीतून जात. झुंझुनू, सीकर. त्या भागात घरटी एक माणूस फौजेत. रोजचा मजकूर ठरलेला असे, फक्त गाव आणि नाव बदलत असे. बाबा घरी आले की नळाखाली बराच वेळ हात धूत बसत. कचेरीतली माणसे अवघडून त्यांच्याशी नेहमीपेक्षा मोठ्याने बोलू लागली होती, आणि कुणी त्यांच्या टेबलाजवळ येऊन नुसते उभे राहिले तरी त्यांना मान वर करायचे धाडस होत नसे.

चीनने आपण होऊन गोळीबार थांबवला. युद्ध संपले असे सगळे म्हणू लागले. आमच्याकडे मात्र काही संपलेले नव्हते, कारण भावाकडून काही येत नव्हते. एका संध्याकाळी बाबा नकाशाकडे पाठ करून बसले होते आणि आईशी नव्हे, माझ्याशी बोलावे तसे म्हणाले, की हाकेला उत्तर येत नाही तेव्हा स्टेशन गेलेले असते. इतकी वर्षे त्यांच्या गोष्टींत दुसरा अनुभव नव्हता.

आई दारात उभी होती. तिने ऐकले.

मी त्या वेळी जे केले ते धैर्य नव्हते. गोष्ट चुकीची मांडली गेली की मला राहवत नाही, एवढेच. मी मोजपट्टी आणली आणि नकाशाच्या कोपऱ्यातल्या प्रमाणावर धरली. मग माझे बोट, भावाने ठेवले होते तसे, तपकिरी पट्टीवर टेकवले. बोटाखाली तवांग होते, बोमदिला होते, आणि नखाच्या दुसऱ्या कडेला वालाँगही. पूर्वेकडच्या आघाडीचा सगळा मुलूख एका बोटाखाली झाकला जात होता, आणि शिवाय खालचे आसामचे शांत जिल्हेही.

"आई, टाचणीचं टोक बारीक आहे म्हणून आपल्याला वाटतं, तो नेमका तिथे आहे. त्याने टोक ठेवलं नव्हतं, बोट ठेवलं होतं. एवढ्या जागेत तो कुठेही असेल. टाचणी आपण टोचली."

तिने माझ्या बोटाकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"नाही."

"यांनाही नाही."

"नाही."

"मग बरं," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने सुया एकमेकींवर वाजू लागल्याचे ऐकू आले. अज्ञान हे कुणासाठी औषध होऊ शकते, हे मला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नव्हते. बाबा मात्र अजून माझ्या मोजपट्टीकडे पाहत होते. जरा वेळाने त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी टाचण्यांच्या कहाणीत कधी आली नव्हती. मणिपुरातल्या छावणीत त्यांना एक माणूस भेटला होता. पेगूच्या किल्लीवरचा. यंत्र मोडून, चालत निघून आलेला. बाबा त्याला ओळखत नव्हते. त्याच्या किल्लीची लय फक्त ओळखीची होती. तो टेबलावर बोटे वाजवत बसला होता.

"मग हे आम्हाला कधी का सांगितलं नाहीत?" मी विचारले.

"त्या सगळ्या स्टेशनांतून तो एकटाच आला होता," बाबा म्हणाले.

थंडी वाढली. एका दुपारी, कचेरीची वेळ असताना, मी आणि आई खिडकीपाशी उन्हात बसलो होतो. फाटकातून बाबा सायकल लोटत आत आले. सायकल त्यांनी भिंतीला लावली नाही, तशीच टाकली. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. आई उठली. ते दारात आले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"बोलू नका," आई म्हणाली.

बाबा तिच्या बाजूने सरळ आत गेले, नकाशापाशी पोचले आणि त्यांनी पांढरी टाचणी उपटून काढली.

आई खाली बसली. तिने हात जमिनीवर टेकले नाहीत, भिंत धरली नाही, जणू खाली जमीन आहे की नाही याची तिला पर्वाच नव्हती. मी तिच्याकडे धावले की बाबांकडे, ते मला आठवत नाही. आठवते ते एवढेच, की माझे गणित त्या क्षणी मला दगा देऊन गेले होते आणि मी मनात म्हणत होते, इतके मोठे बोट होते, तरी.

"चुकीच्या जागी होती," बाबांना शेवटी बोलता आले. "आहे तो. तेजपूरच्या इस्पितळात आहे. पाय अधू झालेत थंडीने, पण आहे."

आसामच्या तारघरातल्या कुणा अनोळखी सहकाऱ्याने लाइन मोकळी असताना जयपूरला हाक दिली होती. सैन्याची तार अजून यायची होती. त्याने इस्पितळात नाव ऐकले, गाव ऐकले, वडील तारखात्यात आहेत हे ऐकले आणि किल्लीवर हात ठेवला. तारखात्यातली माणसे एकमेकांसाठी एवढे करीत.

मग आईने बाबांना विचारले, टाचणी काढताना आधी तोंड उघडता आले नसते का? खरे नाही ते नकाशावर ठेवायचे नाही, हा त्यांचा नियम त्यांच्या जिभेच्या आधी धावला होता, इतकेच.

भाऊ घरी आला तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. कुबड्या होत्या, पायांवर जाड पट्ट्या होत्या. भूतानच्या जंगलातून तो बराच काळ चालत खाली उतरला होता. त्याबद्दल तो बोलत नसे, आणि ते न बोलणे आमच्या घरात नवे नव्हते. भाऊबीज केव्हाच सरली होती, तरी आईने पाट मांडला. खाली बसणे त्याला जमेना म्हणून पाटावर पाय ठेवून त्याला खुर्चीत बसवले. मी ओवाळले. तो माझ्या खांद्यावरून नकाशाकडे पाहत होता.

"बाबा, तिथे कुंकू कशाचं आहे?"

आईने सांगितले. तो हसला नाही. टाचणीचे भोक कुठे आहे, ते त्याने नीट पाहून घेतले आणि म्हणाला, की तिथे तो कधी गेलाच नव्हता. तो पार पश्चिमेला होता. असे म्हणत तो कुबडी टेकून उठला, त्याने सवयीने हात लांब केला आणि तर्जनी नकाशावर टेकवली. बोटाखाली पुन्हा सगळा मुलूख नाहीसा झाला.

बाबांनी त्याचा हात हळूच बाजूला केला. टेबलावरून पेन्सिल घेतली, टोक तपासले आणि त्याच्यापुढे धरली.

"बोट नको. याने दाखव."

भावाने पेन्सिल घेतली. तिचे टोक तपकिरी रंगापर्यंत नेले, आणि तिथे ते हवेतच थांबले. आम्ही तिघेही त्या टोकाकडे पाहत होतो. त्याला ते ठिकाण ठाऊक होते. आमच्यासारखे बोटाएवढे नाही, टोकाएवढे ठाऊक होते.

"राहू दे, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी पेन्सिल परत घेतली. आईने निरांजन उचलून देवघरात नेऊन ठेवले. नकाशा अजून त्याच भिंतीवर आहे. काळ्या टाचण्या बाबांनी एकेक करून काढल्या. आता मी मुंबईला प्रयोगशाळेत असते आणि प्रत्येक मापनाच्या शेवटी त्यातली अनिश्चितता लिहिते, जसे आम्हा सर्वांना शिकवलेले असते. इतर ती कमी करण्यासाठी झटतात. मीही झटते. पण ती लिहून झाल्यावर क्षणभर आईच्या सुया वाजलेल्या ऐकू येतात, आणि माझा हात पुढच्या आकड्याकडे लगेच जात नाही.